ग्राफिक्सचे पाठ दुसऱ्याच्या हाती देताना

सर, तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं आहे. २०१० पासून तुम्ही कोल्हापुरात बसून मराठीतून कॉम्प्युटर ग्राफिक्सचे ऑनलाइन पाठ एकट्याने चालवताय. साधी रेषा काढण्यापासून रे ट्रेसिंगपर्यंत (प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र तयार करण्यापर्यंत) सगळं त्यात आहे. आता डोळ्यांमुळे स्क्रीनसमोर फार वेळ बसवत नाही. तुमची एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, ती हे काम घ्यायला तयार आहे. एका कॉलेजनेही ‘आमच्याकडे द्या’ म्हटलंय. कुणाला द्यावं, काय काय द्यावं, आणि जुने झालेले पाठ ठेवावेत की काढावेत?

मी इथल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या पॅटर्नसाठी (ओतकामाच्या नमुन्यांसाठी) थ्रीडी सॉफ्टवेअर लिहिण्यापासून सुरुवात केली, पुढे बरीच वर्षं ग्राफिक्स शिकवलं. पाठांचा असा चालता संच मी एकदा दुसऱ्याकडून घेतलाय आणि एकदा पुढे दिलाय. तुमचे पाठही वाचलेत, माझ्याकडे येणाऱ्या पोरांना वाचायला लावलेत. त्या बळावर लिहितो.

विद्यार्थिनीला द्या. कॉलेजला हवी तर प्रत द्या, कारभार देऊ नका. कॉलेजबद्दल माझ्या मनात अढी नाही, पण ज्या प्राध्यापकांनी उत्साहाने विचारलं ते दुसरीकडे गेले किंवा विभागप्रमुख बदलले, की सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे हे विचारत फिरायची वेळ येते. चालू कामाला एक माणूस लागतो, ज्याला सुट्टीच्या दिवशीही त्याची आठवण येते. ट्रस्ट किंवा संस्था काढायचा सल्लाही कुणी देईल. सोसायटी नोंदवायला किमान सात सभासद लागतात, पुढे दरवर्षीचे हिशेब आणि सभा. एवढ्या कामासाठी ते ओझं नको. तिच्याशिवाय आणखी एका विश्वासू माणसाकडे सगळ्या चाव्या असल्या म्हणजे झालं.

आता काय द्यायचं. फाइली पेनड्राइव्हवर मावतील. कुठली गोष्ट तशी का केली, हे मात्र फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि माझ्या मते सोपवण्याचं नव्वद टक्के काम तिथेच आहे. बाकीचं कागदपत्रांचं, तेही करायलाच हवं, त्याकडे नंतर येतो.

तुमचा किरणोत्सवाचा पाठ घ्या. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये, आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. आधी चरणांपर्यंत, मग दिवसागणिक वर सरकत मुखापर्यंत. पश्चिमेला वाटेत एखादं बांधकाम आड आलं की ती अडतात, आणि त्याची चर्चा आपल्या गावात होतच असते. तुम्ही तोच प्रश्न मुलांपुढे ठेवलात: मूर्तीवरच्या एका बिंदूपासून सूर्याच्या दिशेने किरण सोडा आणि वाटेत तो कशाला लागतो का ते बघा. शॅडो रे, म्हणजे सावली ठरवणारा असा किरण, शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. कोल्हापूरच्या पोराला ते घरी आजीलाही समजावून सांगता येतं.

त्या पाठाच्या कोडमध्ये एक आकडा आहे, ०.००१. किरण सोडण्याआधी तुम्ही बिंदू पृष्ठभागापासून तेवढा वर उचललाय. का, ते पाठात लिहिलेलं नाही. नवख्या माणसाने तो बिनकामाचा समजून काढला तर मूर्तीवर काळे ठिपके येतील, कारण फ्लोटिंग पॉइंटच्या (कॉम्प्युटर दशांश आकडे ठरावीक अचूकतेनेच साठवतो त्याच्या) बारीक फरकामुळे किरण ज्या पृष्ठभागावरून निघतो त्यालाच आपटतो. एवढं तुमच्या विद्यार्थिनीला नक्की माहीत असणार, तिचं रोजचं काम आहे. पण देवळाचं मॉडेल तुम्ही मीटरमध्ये केलंय आणि तो आकडा त्या मीटरवर बेतलाय, हे तिला कोण सांगणार? उद्या उद्यमनगरातला एखादा पॅटर्नवाला आवडीने देवळाचं जास्त बारकाव्याचं मॉडेल करून पाठवेल. आपल्याकडे सगळे मिलिमीटरमध्ये काम करतात, आणि थ्रीडी मॉडेलच्या एसटीएल फाइलीत एकक नोंदवलेलंच नसतं. ती ते मॉडेल सरळ बसवेल. शंभर मीटरचा आकडा आता एक लाख झाला. शेडरमधल्या (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या कोडमधल्या) ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये एक लाखाच्या आसपास शेजारच्या दोन आकड्यांतलं अंतरच सुमारे ०.००८ असतं. त्यात ०.००१ मिळवलं तर बेरीज होती तीच राहते. काळे ठिपके हजर, आणि कोडची एक ओळही बदललेली नाही! मीटरमध्ये असताना शंभरच्या आसपास हेच अंतर सुमारे ०.०००००८ होतं, म्हणून तुमचं ०.००१ निभावत होतं. अशा वेळी माणूस दोन रात्री घालवतो आणि शेवटी पाठच काढून टाकतो. ‘हा आकडा मीटरसाठी आहे, एकक बदललं तर बदला’ एवढी एक ओळ असती तर पाठ वाचला असता.

असे निर्णय तुमच्या पाठांत जागोजाग आहेत. अक्ष उजव्या हाताचे, वाय वर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झेड वर असतो, तरी तुम्ही वाय ठेवलात. व्हेक्टर उभा, म्हणून मॅट्रिक्स डावीकडून गुणायची. कोन रेडियनमध्ये. खोलीचा (डेप्थचा) पल्ला ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीप्रमाणे उणे एक ते एक. व्हल्कन आणि वेबजीपीयू या नव्या प्रणालींमध्ये तो शून्य ते एक असतो. कुणी मधलाच एक पाठ नव्या पद्धतीने लिहिला की पुढच्या पाच पाठांतली चित्रं उलटी होतात किंवा कापली जातात, आणि वाचणाऱ्या पोराला वाटतं आपल्यालाच गणित येत नाही. मला याची जास्त काळजी वाटते. मोठ्या शहरातल्या मुलाला विचारायला चार माणसं असतात. गारगोटीच्या किंवा चंदगडच्या मुलापुढे फक्त तुमचा पाठ असतो.

हे सगळं उतरवायचं कसं? टायपिंग तुम्ही करायचं नाही. एकेक पाठ घेऊन तिने फोनवर प्रश्न विचारायचे, तुम्ही बोलायचं, तिने रेकॉर्ड करून लिहून काढायचं आणि त्या पाठाच्याच फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवायचं. वेगळी मोठी वही करू नका, ती कोणी उघडत नाही. तिने काय विचारावं? हा पाठ याच जागी का आहे. मुलं इथे कुठे अडायची. कुठला भाग तुम्हाला स्वतःला कधीच पटला नाही. आणि कशाला हात लावला तर काय मोडेल. तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्या, कारण सर, आपण शिक्षक मंडळी त्याचं उत्तर पटकन देत नाही.

पाठ तिला कळले की नाही हे तपासायचा एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो. एक पाठ निवडा आणि तो तिने पूर्ण मोडून नव्याने लिहावा. प्रसिद्ध होईपर्यंत तुम्ही बघायचा नाही, सुचवायचंही नाही. प्रकाशाचा पाठ निवडा असं मी म्हणेन, कारण तो दुरुस्त व्हायलाच हवा. त्यात सगळं रंगगणित स्क्रीनवरच्या आकड्यांवरच केलंय, गॅमाचा, म्हणजे स्क्रीनवरचा आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश एका प्रमाणात नसतात याचा, विचार नाही. त्या काळी बहुतेक पाठ तसेच असायचे. प्रत्यक्षात निम्मा प्रकाश स्क्रीनवर दाखवायचा तर २५५ पैकी सुमारे १८८ द्यावे लागतात. पाठात तो १२८ धरलाय. म्हणून दोन दिव्यांचा उजेड एकत्र येतो तिथे चित्र भगभगीत दिसतं आणि सावलीची कड फार गडद. हे तिने दुरुस्त केलं, तर पुढच्या प्रत्येक पाठातल्या दिव्यांचे आकडे बदलावे लागतील. तेही तिला करू दे. त्या खटपटीत तिला पाठांची जुळणी आतून कळेल.

तिची मराठी तुमच्यासारखी नसणार. तुमची वाक्यं लांब, निवांत, तिची तुटक असतील. मध्येच ‘रेंडर मारलं’ असं लिहील. सोसा. तिच्याच वयाची मुलं वाचणार आहेत.

आपल्याच गावातली एक गोष्ट यानिमित्ताने आठवते. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी इथे कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. त्या कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. पण तिथे हात बसलेली माणसं बाहेर पडली आणि १९२९ साली त्यांनी इथेच प्रभात काढली. दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी काम बाबूरावांच्या हाताखाली बघून शिकलेलं होतं, आणि पुढे त्यांनी ते आपल्या पद्धतीने केलं. बाबूरावांच्याच चौकटीत त्यांना कुणी अडकवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

जुन्या पाठांचं काय करायचं, तर सगळ्यांना एक न्याय लावू नका. ग्राफिक्सच्या मूळ रीती बघा: ब्रेझनहॅमची रेषा १९६२ ची, गुरोचं शेडिंग (छटा भरणं) १९७१ चं, पुढची वस्तू मागचीला झाकते ते ठरवणारा झेड-बफर १९७४ चा, फाँगचं प्रकाशाचं मॉडेल १९७५ चं. यातलं गणित आजही जसंच्या तसं चालतं, तेव्हा त्या पाठांतलं विवेचन राहू द्या. शिळं होतं ते अवजार. तुमचे सुरुवातीचे काही पाठ टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या ग्राफिक्स डॉट एच या लायब्ररीवर आहेत, कारण तेव्हा प्रॅक्टिकलला तेच चालायचं. पुढचे ओपनजीएलच्या बिगिन-एंड पद्धतीचे. ती पद्धत २००८ मध्ये बाद म्हणून जाहीर झाली आणि २००९ च्या ३.१ आवृत्तीत गाभ्यातून निघाली. ॲपलने तर २०१८ मध्ये अख्खं ओपनजीएलच जुनं ठरवलं. जावा ॲपलेट (पानातच चालणारे छोटे प्रोग्राम) आजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं. जिथे ॲपलेट होतं तिथे आता करडा चौकोन दिसतो, आणि त्याखाली तुमचं सुंदर वर्णन: ‘वरचा बिंदू ओढून पाहा.’ ते बघून जीव तुटतो. हे चौकोन आधी भरा. ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणाऱ्या वेबजीएलमध्ये भरा, ते २०११ पासून आहे आणि साध्या मोबाइलवरही चालतं. वेबजीपीयू नवं आहे, क्रोममध्ये २०२३ ला आलं. तिला त्याचा मोह होईल, तिच्या कामात तेच पुढे येतंय. पण हातात जुना मोबाइल असलेल्या मुलाचा विचार करून मी अजून काही वर्षं वेबजीएलवरच थांबेन.

थ्री-जेएस या वेबजीएलच्या तयार लायब्ररीवरचे पाठ असतील तिथे एक खबरदारी घ्या. लायब्ररी नेहमी ताजी आवृत्ती देणाऱ्या दुव्यावरून घेऊ नका, पाठ ज्या आवृत्तीवर लिहिला ती फाइल स्वतःजवळ ठेवा. १२५ व्या आवृत्तीत जॉमेट्री हा क्लासच निघाला, १५२ मध्ये रंगांची हाताळणी बदलली. दोन्ही वेळा जुने धडे कुणी हात न लावता मोडले.

पाठ काढून टाकला तरी त्याचा पत्ता मारू नका. जुना पत्ता नव्या पाठाकडे कायमचा वळवा. कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तो लिहिलेला आहे.

लिपीचं एक काम आहे, ते तुमच्या हयातीत झालेलं बरं. सगळ्यात जुने पाठ युनिकोडआधीच्या फाँटात टाइप केलेले आहेत. रूपांतराची साधनं मिळतात, पण त्यांचं लिहिलेलं शेवटी माणसालाच वाचावं लागतं. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. एकच तऱ्हा ठरवून सगळीकडे ती करून घ्या. वाचून दाखवायला घरातलं कुणी बसवा, तुम्ही ऐका.

चित्रं आणि मॉडेलं तपासा. स्टॅनफर्डचा ससा आणि युटाची किटली ही थ्रीडी नमुना मॉडेलं शिकवण्यासाठी सर्रास वापरतात, त्यात अडचण नाही, कुठून घेतलं ते लिहा. प्रतिमाप्रक्रियेच्या पाठात ‘प्लेबॉय’ मासिकातलं लेना या मॉडेलचं जुनं चित्र आहे, ते बदला. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी ही संगणकतज्ज्ञांची संस्था १ एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले लेख घेत नाही, आणि आपल्या मुलींनी तो पाठ वाचताना ते चित्र का बघावं? त्याऐवजी रंकाळ्याचा स्वतः काढलेला फोटो टाका. पाण्याची चमक, दगडी बांध, संध्याकाळचं आभाळ, फिल्टर दाखवायला हवं ते सगळं त्यात आहे.

आता कागद. तुम्ही ‘तोंडी सांगितलंय, ती घरचीच आहे’ असं लिहिलंय. तेवढं पुरत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच हवं. कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. आणि ज्याला हक्क दिले त्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर, कागदात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, ते आपोआप परत येतात. म्हणून एका पानावर स्पष्ट लिहा: कुठले पाठ, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला काय किंवा मोबदला नाही, आणि वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क तिच्याकडेच राहतील. वकिलाला एकदा दाखवा. लेखक म्हणून तुमचं नाव लावून घेण्याचा तुमचा हक्क कलम ५७ मुळे यानंतरही तुमच्याकडेच राहतो, त्याची चिंता नको.

त्याआधी पाठ खुल्या परवान्याखाली द्यायचे का ते ठरवा, कारण हक्क सोपवल्यावर तो निर्णय तिचा होतो. मी द्या म्हणेन. मजकुराला आणि चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘नाव द्या आणि तसाच पुढे वाटा’ हा परवाना, कोडला एमआयटी हा खुला परवाना. दोन्ही वेगळे ठेवायचे, कोडसाठी आपले परवाने वापरू नका असं क्रिएटिव्ह कॉमन्सच सांगतं. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा विचार करून द्या. व्यावसायिक वापराला मनाई घालू नका. राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासवाल्याने तुमचे पाठ छापून वाटले तर वाटू देत, पोरांच्या हातात पडतायत ना! फक्त एक बघा: काही पाठांत विद्यार्थ्यांनी पाठवलेलं कोड आहे. त्यांची संमती ई-मेलवर घ्या, जे सापडणार नाहीत त्यांचं कोड नव्याने लिहा. ब्लेंडर २००२ मध्ये खुलं झालं तेव्हाही हक्क आधी कंपनीच्या गुंतवणूकदारांकडून सोडवून घ्यावे लागले होते. सात आठवड्यांत लोकांनी एक लाख युरो जमवले, मग कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आलं.

डोमेनचं काम मात्र याच आठवड्यात करा. नोंदणी तुमच्या नावावर आहे, आणि नोंदणीला दिलेला ई-मेल त्याच डोमेनचा आहे. म्हणजे डोमेन बंद पडलं तर ते सोडवायचा निरोप ज्या पेटीत येणार ती पेटीही बंद. आधी तो ई-मेल वेगळा करा. मग तिच्या खात्यात बदली करा. डॉट कॉमसारखं नाव नुकतंच बदली झालं असेल तर ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेव्हा नूतनीकरणाच्या तोंडावर हे करू नका, आधी एक-दोन वर्षांचे पैसे भरून मग हलवा. सगळे ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतात, ती यादी करा: होस्टिंग, डोमेन, ई-मेल, कोडची साठवण. प्रत्येक ठिकाणी तिचा नंबर लागला की तुमचा काढा. पैसे परदेशी कंपनीला कार्डावरून आपोआप जात असतील तर तेही तपासा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी ग्राहकाची मंजुरी सक्तीची केली, तेव्हापासून अशी देणी गुपचूप अडकलेली मी पाहिली आहेत.

खर्चासाठी जाहिराती लावाव्यात का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. लावू नका. पाठांची पानं साधी स्थिर एचटीएमएल करून घेतली, डेटाबेस काढून टाकला, तर ठेवायला जवळपास काही लागत नाही, उरतो तो डोमेनचा वर्षाचा खर्च. तो तिला जड नाही.

आणि सोपवून झाल्यावर जुन्या वाचकांची पत्रं तुमच्याकडेच येत राहतील. उत्तर द्यायचा मोह होईल, पण पाठातल्या शंकेला परस्पर उत्तर देऊ नका, पत्र तिच्याकडे पाठवा आणि लिहिणाऱ्याला तसं कळवा. एखाद्या शंकेवर तिचं आणि तुमचं मत वेगळं पडलं तर तिला फोन करा, वाचकासमोर दुरुस्ती नको. किरणोत्सवाच्या पाठाला कुणी नवं मॉडेल देऊ केलंच तर ते घ्यायचं की नाही हेही तिलाच ठरवू द्या.